थावरा मापाडी आणि वरणाचं पाणी

आमच्या शेजारी थावरा राठोड राहायला आले, त्या दिवशी त्यांनी नमस्कार करायच्या आधी माझ्या हातातली भाजीची पिशवी काढून घेतली. मला वाटलं, वयाने मोठा माणूस, तरी मदत करतोय. त्यांनी पिशवी एकदा खालीवर केली, डोळे मिटले आणि म्हणाले, "सव्वातीन किलो. आन् कांदे दोन किलो म्हनून दिले असतील तर पावशेर कमी हायेत." मग पिशवी परत दिली आणि नमस्कार केला.

घरात जाऊन मी बायकोला, सुमनला, सांगितलं की शेजारी जरा तिरपागडे दिसतात. आमच्या घरी काटा नव्हता, त्यामुळे खरंखोटं काही कळलं नाही. पण कांदेवाला मात्र मी बदलला.

थावराभाऊंनी हिंगोलीच्या मोंढ्यात चाळीस वर्षं मापाडी म्हणून काम केलं होतं. शेतकऱ्याची हळद, तूर, सोयाबीन काट्यावर चढवायची, वजन मोठ्याने पुकारायचं आणि पोत्यावर खूण करायची, हे त्यांचं काम. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा लोकांना वाटलं, आता ह्यांचं कौतुक संपलं. तर हे काट्याच्या आधी वजन सांगायचे आणि मग काटा काय म्हणतो ते बघायचे. दोघांचं जुळलं नाही तर काटा दुरुस्तीला पाठवा म्हणायचे, आणि दोनदा तो खरोखरच बिघडलेला निघाला होता. त्यांच्या मते हे कसब त्यांचं एकट्याचं नव्हतंच. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. गोणीची एक बाजू जरा जड झाली की बैल दिवसभर तिरका चालायचा, म्हणून हाताला शिकणं भाग होतं. "हात सांगून राहिला ना," हे त्यांचं पालुपद. त्यावर वाद घालायची सोय नसे.

मूळचे ते साखऱ्याजवळच्या एका तांड्यावरचे. बायको गेल्यावर तिथं रमेनात म्हणून त्यांनी औंढ्याला, नागनाथाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, आमच्या भिंतीला भिंत लावून दोन खोल्या घेतल्या. मुलगा पुण्याला कंपनीत. बरोबर आणल्या त्या फक्त सात कोंबड्या, आणि त्यांचीही वजनं त्यांना पाठ होती.

मोजायची त्यांची पद्धतही मोंढ्यातलीच. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. थावराभाऊ देवळाच्या पायऱ्या चढताना लाभ, दोन, तीन करत चढायचे. गोळ्या घेताना, कोंबड्या खुराड्यात घालताना, चहात साखर टाकतानासुद्धा लाभ. साखर मात्र लाभवरच थांबायची.

गॅसचं सिलिंडर कुणाकडेही येवो, हे उचलून बघणार. शेवटी सिलिंडरवाला आमच्या गल्लीत ते देवळात गेल्याची खात्री करूनच यायला लागला. एकदा पलीकडचे वयोवृद्ध दाजीबा वारले. थावराभाऊंनी खांदा दिला. वळणावर खांदेपालट झाला तेव्हा बाजूला होऊन ते मला म्हणाले, "म्हातारा शेवटाला लई हलका झाला व्हता, भाऊसाहेब. जेवन सुटलं असंल." लोकांनी वळून रागाने पाहिलं. पण थावराभाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि दाजीबांच्या मुलाने मान खाली घातली.

अशा माणसाला गल्लीतल्या आया घाबरून असत. आमच्याकडे तान्ह्या बाळाचं वजन कुणी चारचौघांत बोलत नाही, नजर लागते म्हणतात. अंगणवाडीत काट्याला बाळ लावायचं म्हटलं तरी निम्म्या बायकांच्या घरी नेमके त्या दिवशी पाहुणे येतात. आणि इथं तर चालताबोलता काटा भिंतीपलीकडे राहायला आलेला. थावराभाऊ दिसले की लेकरं पदराखाली जायची.

मी तहसीलमध्ये चौतीस वर्षं कारकुनी केली. माझा विश्वास कागदावर. मला ह्या सगळ्याची गंमत वाटायची, त्यापलीकडे काही नाही. पण मग आमची लेक अश्विनी बाळंतपणाला आली.

आठव्या महिन्यात तिचा रक्तदाब वाढला. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं की बाळाला वारेतून पुरेसं पोषण मिळत नाहीये, पोटातली वाढ मागे पडली आहे. बाळ जन्मलं ते दिवस भरून, पण एक किलो नऊशे ग्रॅमचं. माझ्या तळहातापासून कोपरापर्यंत मावेल एवढी ती पोर. तिचं नाव ओवी ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी अश्विनीला समोर बसवून नीट समजावलं होतं. पोटात राहून गेलेली वाढ बाळ पहिल्या दोन वर्षांत बरीच भरून काढतं, पण त्याला तसं खायला मिळालं तर. सहा महिने आईचंच दूध, त्यासाठी आईने डाळ-दूध-दाणे भरपूर खायचे, आणि नंतर बाळाला घट्ट, कसदार अन्न. अश्विनी मान डोलवत होती. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं.

ओवी घरी आली त्या दिवसापासून थावराभाऊ आमच्या फाटकाशी यायला लागले. आत यायचे नाहीत. यायचे, उभे राहायचे, कोंबड्यांबद्दल काहीतरी बोलायचे आणि जायचे. सुमनने मला बजावून ठेवलं होतं की त्या माणसाच्या हातात बाळ द्यायचं नाही, उद्या अख्ख्या औंढ्याला वजन कळेल. असे तीन आठवडे गेले. शेवटी अश्विनीलाच राहवेना. एका सकाळी ती ओटीवर बसली होती, ते फाटकाशी उभे होते, आणि ती म्हणाली, "थावराकाका, घेता का हिला?"

त्यांनी हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले, आणि ओवीला घेतलं. डोळे मिटले. आम्ही सगळे आकड्याची वाट बघत बसलो. त्यांनी काहीच सांगितलं नाही. बाळ परत दिलं आणि निघून गेले. संध्याकाळी मी नळाशी पाणी भरत होतो तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणाले, "दोन किलो तीनशे. चढून राहिली. बाळंतिनीसमोर बोलू नका." दुसऱ्या दिवशी दवाखान्यातला काटा दोन किलो तीनशे वीस म्हणाला. वीस ग्रॅम दुपट्याचे असणार, असं त्यांचं मत पडलं.

पुढे हा नेमच झाला. दर सोमवारी ओवीला हातात घ्यायचं, गप्प राहायचं, आणि संध्याकाळी मला नळाशी आकडा सांगायचा. मी तो आत येऊन कॅलेंडरवर लिहायचो. अश्विनी काय खाते यावर त्यांची देखरेख सुरू झाली. त्यांनी तांड्यावरून भुईमुगाच्या शेंगा आणवल्या, तूर आणवली. ओवी आईच्या दुधावर छान चढत गेली. सहा महिन्यांची झाली तेव्हा पावणेसहा किलो होती. माझ्या तहसिली जिवाला कार्डावरची चढती रेघ बघून जे सुख व्हायचं ते निवृत्तीवेतनाचा कागद बघूनसुद्धा झालं नव्हतं.

सातव्या महिन्यात ओवीच्या जेवणाचा ताबा सुमनने घेतला. चार मुलं वाढवलेली बाई, तिला कोण शिकवणार? ती रोज पातेलीभर तुरीचं वरण शिजवायची, हिंग घालायची, निवू द्यायची, आणि वर आलेलं पिवळंधमक पाणी वाटीत काढून ओवीला पाजायची. बाळाला वरणाचं वरचं पाणी द्यायचं, खालचं घट्ट जड पडतं, हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचं. खालचं घट्ट वरण मी खायचो. माझं वजन त्या दोन महिन्यांत चांगलंच वाढलं.

एका सोमवारी थावराभाऊंनी मला सांगितलं की लेकरू थांबलंय. मी म्हणालो, दात येत असतील. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. तिसऱ्या सोमवारी ते नळाशी आलेच नाहीत. सरळ आमच्या अंगणात येऊन उभे राहिले आणि सुमनला म्हणाले, "वयनी, राग मानू नका. पोरीला काय चारून राहिल्या, ते मला दाखवा."

सुमनने राग मानला. तिने वाटी आणून त्यांच्यापुढे धरली, म्हणजे जवळजवळ आपटलीच. तूप-मीठ घातलेलं वरणाचं पाणी, दोन वेळा, शिवाय भाताची पेज. थावराभाऊंनी वाटी हातात घेतली, खालीवर केली, आत बघितलं. वाटीचा तळ लखलखीत दिसत होता. मग ते वाटी घेऊन आपल्या घरी गेले आणि अंगणातली चूल पेटवून त्यांनी तवा ठेवला.

सुमन मला कुजबुजत म्हणाली, "तो त्यांचा अंड्याचा तवा आहे." मी म्हणालो, आपल्याला कुठं खायचंय त्यातलं.

त्यांनी ते वाटीभर पाणी तव्यावर ओतलं आणि आटू दिलं. आम्ही सगळे भिंतीशी उभं राहून बघत होतो. पाणी चरचरलं, वाफ झाली, आणि तव्यावर राहिला एक पिवळा डाग. चमच्याने खरवडला तर नखावर मावेल एवढा. मग त्यांनी सुमनकडून पातेलीतलं तळाचं घट्ट वरण मागून घेतलं, तेवढीच वाटी भरून, आणि तेही मंद आचेवर सुकवलं. त्याचा तव्यावर ढीग झाला.

"मोंढ्यात वल्ली हळद आली की आमी वलीचा कडता धरायचो," ते म्हणाले. कडता म्हणजे वजनातली तूट. "पानी वजा करायचं आन् माल किती ते बघायचं. वयनी, ह्या वाटीत माल न्हाई. लेकरू रोज पानी पिऊन राहिलं, दोन म्हयने."

सुमन तव्याकडे बघत राहिली. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि देवघरासमोर बसून रडली. तिने कमी माया केली नव्हती. तूरही चांगलीच घेतली होती, आणि तिच्या आईने, सासूने जे सांगितलं तेच केलं होतं. अश्विनीही रडली, ओवी दोघींकडे बघून हसली, आणि मी घट्ट वरण खाणारा माणूस ओटीवर तोंड लपवून बसलो.

दुसऱ्याच दिवशी आम्ही हिंगोलीला गेलो. थावराभाऊ न सांगता गाडीत येऊन बसले. डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर ओवी दोन महिन्यांपूर्वीपेक्षा जेमतेम शंभर ग्रॅम जास्त भरली. कार्डावरची रेघ आडवी झाली होती. थावराभाऊंनी तव्याची हकिकत सांगितली. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. डाळीतली प्रथिनं खालीच राहतात, पाण्यात रंग तेवढा येतो." खरा आजोबा मी, फाईल धरून मागे उभा होतो. बाईंनी मग घट्ट वरण, दही, दाण्याचं बारीक कूट आणि चालत असेल तर अंडं असं लिहून दिलं.

आमच्याकडे अंडं चालत नाही. सुमन घट्ट वरणावर आली, दाण्याच्या कुटावर आली, पण अंड्यावर यायला तयार नव्हती. मग अश्विनी रोज सकाळी दहा वाजता ओवीला ऊन द्यायला थावराभाऊंच्या अंगणात न्यायला लागली. आमच्या अंगणातही ऊन होतं. भिंतीपलीकडून आवाज यायचा, "लाभ... दोन... तीन..." आणि मग ओवीने चौथा चमचा थुंकल्याचा. सुमनला काहीच माहीत नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, आणि तिलाही ते सोयीचं होतं. एक दिवस सव्वादहा वाजले तरी अश्विनी उठेना, तेव्हा देवपूजा करता करता सुमनच म्हणाली, "ओवीचं ऊन राहिलंय आज."

ओवी सुधारली. सुधारली म्हणजे काय, सुसाट सुटली. दर सोमवारी आकडा वाढलेला. त्याने थावराभाऊंच्या डोक्यात हवा गेली. दोन अंडी, दुधात कूट, वर तुपाचा शिरा, असा त्यांनी बेत आखला आणि पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना तो मोठ्या अभिमानाने ऐकवला. बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं. पोटात लहान राहिलेल्या बाळाला एकदम फुगवायचं नसतं, म्हणाल्या, नुसती चरबी चढते आणि मोठेपणी साखर, रक्तदाब मागे लागण्याची भीती असते. वजन वाढू दे, पण लांबीही वाढू दे, आपल्या चालीने. थावराभाऊंचा चेहरा शाळेत छडी खाल्लेल्या पोरासारखा झाला. परतीच्या वाटेत ते एवढंच म्हणाले, "हाताला लांबी कळत न्हाई, भाऊसाहेब. ह्यो आपला घाटा."

त्यावरही त्यांनी तोड काढली. एक सुतळी आणली. दर सोमवारी ओवीला झोपवून टाचेपासून डोक्यापर्यंत सुतळी धरायची आणि गाठ मारायची. शिवाय गल्लीत कुणी ओवीच्या हातात क्रीमचं बिस्कीट दिलं की हे कुठूनतरी उगवायचे आणि ते काढून कोंबड्यांना टाकायचे. बायका वैतागल्या. पण वर्षाची होईतो ओवी साडेसात किलोची झाली, भिंत धरून चालायला लागली, आणि डॉक्टरीणबाई कार्डावर बोट ठेवून म्हणाल्या की आता काळजीचं कारण नाही. अश्विनी दवाखान्याच्या पायरीवर बसून पोट भरून रडली. तिच्या मनात पहिल्या दिवसापासून काय होतं ते मला तेव्हा कळलं. बाळ पोटात उपाशी राहिलं, यात आपलाच काहीतरी दोष, असं ती वर्षभर धरून बसली होती.

तेराव्या महिन्यात जावई येऊन अश्विनीला आणि ओवीला परभणीला घेऊन गेले. घर एकदम मोठं वाटायला लागलं. आणि थावराभाऊ यायचे बंद झाले. सोमवार गेला, पुढचाही गेला. सुमन म्हणाली, बघून तरी या.

मी दुपारी गेलो. ते बाजेवर बसले होते, हातात मोबाइल. पडद्यावर एका स्वच्छ खोलीत तीनेक वर्षांची मुलगी खेळत होती. तिने एकदा फोनकडे बघितलं, हात हलवला आणि पळाली. पडदा काळा झाला.

"नात," ते म्हणाले. "काव्या. पुन्याला."

शेजारी राहून इतके दिवस झाले, पण त्यांना नात आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मग त्यांनी सगळं सांगितलं, मोबाइल उलटसुलट करत. काव्याही अशीच जन्माला आली होती, दिवस भरून आणि लहान. निरोप मिळाल्याबरोबर हे पुण्याला गेले. दवाखान्यात मुलाने कौतुकाने बाळ त्यांच्या हातात दिलं. चाळीस वर्षांची सवय, डोळे मिटले आणि तोंडातून खणखणीत आवाजात आकडा बाहेर पडला, एक किलो सातशे. सगळ्या खोलीने ऐकलं. तीन दिवसांची बाळंतीण सून भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. विहीणबाईंनी पुढे होऊन बाळ काढून घेतलं.

"पोतं पुकारल्यावानी पुकारलं मी, भाऊसाहेब," ते म्हणाले. "लेकराला."

दुसऱ्या दिवशी ते परत आले. येऊ नका असं कुणी म्हटलं नाही. या असंही तीन वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. मुलगा फोन लावायचा, काव्या दिसायची, हसायची. काय खाते विचारलं तर सून नीट सांगायची. पोर चांगली आहे, अंगाने भरली आहे, असं तेच मला समजावत होते.

"फोनवर समदं दिसतंय," ते म्हणाले. "वजन तेवढं कळत न्हाई."

मला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. ह्याच माणसाला आम्ही तीन आठवडे फाटकाबाहेर उभं केलं होतं. मी विचारलं, मग पुण्याला जात का नाही?

"काहून जाऊ? बोलावलं कुठं?"

मी म्हणालो, "थावराभाऊ, आम्ही तरी तुम्हाला कुठं बोलावलं होतं?"

ते हसले, आणि हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. एक कोंबडी बाजेखाली शिरली, तिला त्यांनी पायाने बाहेर हुसकावलं. मग उठले, खुंटीवरची टोपी घातली आणि विचारलं, "पुन्याची गाडी औंढ्याहून कवा सुटती, ठावं हाय का तुमाला?"

मला माहीत नव्हतं. आम्ही दोघं उन्हातून स्टँडवर विचारायला गेलो.